कोलाची प्रार्थना

माझ्या अमरावतीच्या घरी वरच्या खोलीत नायजेरियाचा एक इग्बो संशोधक भाड्यानं राहायचा. एकदा त्यानं गावाहून आलेली, कोला नावाच्या झाडाची कडवट बी माझ्यापुढे ठेवली. पाहुण्यासाठी ती फोडण्याआधी त्यांच्या इग्बो भाषेत प्रार्थना म्हणतात. तो दुसऱ्याच ओळीला अडला. मिशनच्या शाळेत इग्बो बोललं की त्याच्या आजोबांना छड्या बसायच्या. पुढं त्यांनी घरातही ती बोलू दिली नाही. उरलेली प्रार्थना त्यानं खालमानेनं इंग्रजीत उरकली.

मी इंग्रजांना मनसोक्त शिव्या घातल्या. मग आठवलं, लहानपणी लेक वऱ्हाडीत ‘मले भूक लागली’ म्हणाली की मीच तिच्या पाठीत धपाटा घालायचो. आता ती पुण्याहून फोनवर विचारते, “बाबा, कसे आहात?”

मी शुद्ध मराठीत खोटं सांगतो, मजेत आहे.