झोळी मंडळाची आमराईतली रात्र

माझ्या सहा महिन्यांच्या मुलीचं अंथरूण मी चोरलं, ही गोष्ट मी कधीच नाकारली नाही. चोरी दिवसाढवळ्या झाली, दोन साक्षीदार हजर होते आणि मुद्देमाल माझ्याच अंगाखाली सापडला. तेव्हा नाकारण्यात काही अर्थही नव्हता.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. जिल्हा आला, पण पाऊस काही आला नाही. मी मूळचा नांदेडकडचा, हदगावचा. नव्या जिल्ह्यात कारकून कमी पडले म्हणून मला इकडं पाठवलं. साहेब आले, शिपाई आले, जुन्या जिल्ह्यातल्या फायली ट्रक भरभरून आल्या, पण या सगळ्यांनी राहायचं कुठं, हे काही कोणत्याच आदेशात लिहिलेलं नव्हतं! मला कशीबशी एक पत्र्याची खोली मिळाली. मे महिन्यात त्या पत्र्यावर भाकरी टाकली असती तर पापुद्रा सुटला असता. पाणी तीन दिवसांतून एकदा, टँकरनं. त्या खोलीत मी, माझी बायको कमल, आमची सुजाता आणि आठ दिवसांसाठी म्हणून निलंग्याहून आलेल्या सासूबाई, असे चौघं राहत होतो. (आठ दिवसांचा तो तिसरा महिना होता. पण त्या भाकरी फार चांगली करत, म्हणून मी दिवस मोजणं सोडून दिलं होतं.)

सुजाताला घामोळ्यांनी बेजार केलं होतं. ती गादीवर ठेवली की रडायची, मांडीवर घेतली की रडायची. फक्त आढ्याला टांगलेल्या झोळीत गप्प व्हायची. झोळी म्हणजे सासूबाईंचं जुनं लुगडं. चांगलं जाड, धुऊन धुऊन मऊ झालेलं.

आता मंडळाबद्दल सांगतो.

आमच्या कार्यालयात सय्यद म्हणून टंकलेखक होता. त्याचा चुलतभाऊ आखातात कामाला होता. तो येताना सय्यदसाठी निळ्या नायलॉनची एक जाळीदार झोळी घेऊन आला. दोन झाडांना बांधायची आणि मोठ्या माणसानं तीत झोपायचं! आम्ही ती जेवणाच्या सुट्टीत मागच्या दोन लिंबांना बांधली. पहिल्यांदा तीत पडलो तेव्हा खालून वारा लागला हो! मे महिन्यात, लातुरात, पाठीला वारा! मी डोळे मिटले ते थेट साहेबांची घंटी वाजल्यावर उघडले.

त्या दिवशी आमचं झोळी मंडळ स्थापन झालं. अध्यक्ष मी, झोळीत कसं झोपावं यावर पहिलं भाषणही माझंच. सचिव सय्यद. खजिनदार आमच्या रेकॉर्डरूमचे स्वामी. सभासद नव्हते, कारण माणसं तिघंच होती. पहिला ठराव असा, की शनिवारी रात्री रेणापूरजवळच्या आमराईत मुक्काम करायचा आणि प्रत्येकानं आपापल्या झोळीत झोपायचं. आमराईतल्या विहिरीला अजून पाणी होतं. आमच्या गल्लीचा टँकरही तिथंच भरायचा.

स्वामींनी गाडीवर कडबा बांधायचं जाळं आणलं. मी अध्यक्ष, त्यामुळं मी स्वतः झोळी तयार केली. जुन्या पलंगाची नवार उसवली, आडवी-उभी विणली आणि शुक्रवारी रेकॉर्डरूममध्ये फायली ठेवायच्या दोन लाकडी घोड्यांच्या मधे टांगली.

"कांबळे, धरल का हे?" स्वामींनी विचारलं.

"स्वामी, गाठ कशी मारली हे बघा. ह्या गाठीवर हत्ती झोपंल."

हत्ती झोपला असता की नाही, माहीत नाही. पंचावन्न किलोचा कारकून काही झोपला नाही. नवार मधोमध फाटली, घोडा कलला आणि जुन्या जिल्ह्याच्या सगळ्या फायली नव्या जिल्ह्याच्या कारकुनावर आल्या! गाठ मात्र शाबूत होती. ती मी दोघांनाही दाखवली.

आता शनिवार उजाडला आणि अध्यक्षांकडंच झोळी नाही. दुपारी सय्यद आणि स्वामी मला न्यायला घरी आले. कमल पहाटेच्या टँकरसाठी रांगेत घागर लावायला गेली होती. सासूबाई पोरीला घेऊन शेजारी गेल्या होत्या. खोलीत कोणी नव्हतं. आणि आढ्याला ते लुगडं. रिकामं. मऊ.

"एक रात तर हाय," मी म्हणालो.

"कांबळे, लेकराचं हाय ते," स्वामी म्हणाले.

"एक रात गादीवर झोपली तर काय होऊन राहिलं?"

सय्यद दाराकडं तोंड फिरवून म्हणाला, "अध्यक्षसाब, मैंने कुछ नही देखा."

आमराईत पोचलो तेव्हा सूर्य कलला होता. आम्ही कांदा-भाकरी खाल्ली, झोळ्या बांधल्या, कंदील फांदीला अडकवला. मी शर्ट-पायजमा काढून फांदीवर टाकला आणि पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीवर त्या लुगड्यात शिरलो. काय सांगू! सगळीकडून मऊ. लुगड्याला दुधाचा आणि पावडरीचा वास. वर पानं, पानांत चांदण्या. मला वाटलं, आपण उगीचच मोठे झालो.

हा दुधाचा वास मला एकट्यालाच आवडला नव्हता. आंब्याच्या झाडावर लाल मुंग्या असतात आणि त्यांनाही तो आवडला. त्या दोन्हीकडच्या दोऱ्यांवरून ओळीनं उतरल्या आणि माझ्या मानेपासून कामाला लागल्या. पहिली चावली तेव्हा मी "अगं आई!" म्हणालो. त्यानंतर जे म्हणालो ते इथं लिहिता येत नाही. झोळीतून उतरायचं कसं, हे माझ्या भाषणात राहून गेलं होतं. मी जितका धडपडलो तितकं लुगडं आवळलं, मुंग्यांसकट! शेवटी मी उताणा खाली आदळलो आणि उठून नाचायला लागलो.

नेमका त्याच वेळी रस्त्यावरून टँकर वळला आणि त्याचे दोन्ही दिवे माझ्यावर पडले.

टँकर थांबला. केबिनचं दार उघडलं. आधी सासूबाई उतरल्या, मग कमल, आणि कमलच्या कडेवर सुजाता, टिपेच्या आवाजात रडत. सासूबाई दिव्याच्या उजेडात उभ्या राहून माझं नाचणं बघत होत्या.

"आवं जावईबापू," त्या म्हणाल्या, "अंगात आलंय का काय?"

मी फांदीवरचा पायजमा ओढला. त्यातही मुंग्या होत्या. तरी घातला. सासूबाईंसमोर माणूस मुंग्या सहन करतो.

टँकरचे ड्रायव्हर रज्जाकभाई खाली उतरले. "कांबळेसाब, बच्ची शाम से रो रइ. पूरी गल्ली बाहेर आको बैठीय. मैं बोला, चलो भाभी, मैं वहींच जारा, बच्ची के बाप के पास छोड देतुं."

कमल माझ्याकडं बघतच नव्हती. ती लुगड्याकडं बघत होती.

"चोर सापडला म्हणायचा," ती म्हणाली. "मी दोरीवर वाळत घातलंय का बघितलं, शेजारी विचारलं, टँकरच्या रांगेतल्या बायकांवर संशय घेतला. शेजारणीशी तर भांडून आलेय मी! तुमच्यावर संशयच आला न्हाई हो. मग आई म्हणाली, जावईबापू गाठोडं घेऊन गेलेत."

"एक रात्र तर..." मी सुरुवात केली.

"आधी ते झटका," सासूबाई म्हणाल्या.

मी लुगडं झटकलं. स्वामींनी झटकलं. सय्यदनं झटकलं. मग सासूबाईंनी आमच्या हातातून घेऊन खरोखर झटकलं. विहिरीजवळच्या लिंबाच्या फांदीला ते बांधलं आणि पुन्हा मुंग्या येऊ नयेत म्हणून दोन्हीकडच्या दोऱ्यांना कंदिलातलं घासलेट लावलं. मंडळाच्या एकाही बैठकीत हा उपाय कोणाला सुचला नव्हता.

कमलनं सुजाताला झोळीत ठेवलं. पोरगी दोन क्षण गप्प झाली. आम्ही तिघांनी एकमेकांकडं बघितलं. तेवढ्यात तिनं पुन्हा सूर लावला.

"दोरी कुठाय?" कमलनं विचारलं.

"कसली दोरी?"

"झोळीची."

"ह्या काय, दोन्हीकडं बांधल्यात की."

"ह्या न्हाई. हलवायची."

मला आठवलं. झोळीला एक लांब सुतळी लोंबत होती खरी. बिनकामाची समजून मी ती कोनाड्यात टाकून आलो होतो.

"ती तर उगीच लोंबत होती," मी म्हणालो.

"उगीच?" कमलचा आवाज एकदम बारीक झाला. "मग रातभर पोरगी आपोआप हलते असं वाटलं का तुम्हाला? पायाच्या अंगठ्याला बांधून झोपते मी ती. हलायचं थांबलं की उठती ती. झोपेतच पाय मारत राहायचा. सहा महिने झाले, तेच चाललंय."

रज्जाकभाईंनी विहिरीवरचं इंजिन चालू केलं. मला लाज वाटली. एकाच खोलीत, माझ्यापासून चार हातांवर ती बाई रात्रभर पाय हलवत होती आणि मी सकाळी उठून म्हणायचो, "आपली सुजाता किती गुणी, रात्रभर झोपते बघ!" झोळीवर भाषणं देणारा मंडळाचा अध्यक्ष मी, आणि माझ्या घरातली झोळी कोण हलवतं, हे मला ठाऊक नव्हतं.

"दोरी देतो," मी म्हणालो. पण जादा दोरी कोणाकडंच नव्हती. तेव्हा मी पायजम्याची नाडी ओढून काढली. (रज्जाकभाईंनी तोंड फिरवलं. ते फार सभ्य गृहस्थ.) एका हातानं पायजमा धरून दुसऱ्या हातानं नाडी झोळीला बांधली.

कमल हात पुढं करून म्हणाली, "द्या इकडं."

"राहू दे. तू बस जरा."

तिनं माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, जणू विचारत होती, नवऱ्याला खरंच मुंग्यांनी चावलंय की आणखी कशानं. मग सय्यद पुढं झाला. "भाभी, ये हमारे झुले में बैठो. आबुधाबी का है, गिरता नही."

"दोन मिनिटं टेकते फक्त," कमल म्हणाली.

तिसऱ्या मिनिटाला ती गाढ झोपली. तोंड किंचित उघडं, एक हात खाली लोंबलेला. लग्नाला तीन वर्षं झाली होती, तिला अशी झोपलेली मी पहिल्यांदा बघत होतो. माझ्याआधी उठणारी आणि माझ्यानंतर झोपणारी बाई, बघणार तरी कधी? सासूबाईंनी तिच्या अंगावर पदर टाकला, स्वामींचं कडब्याचं जाळं दाबून पाहिलं आणि म्हणाल्या, "हे बी बरं दिसतंय." आणि त्याही त्यात जाऊन पडल्या. झोळी मंडळाचे तिन्ही पदाधिकारी जमिनीवर आले.

मी लिंबाखाली आडवा झालो, नाडी अंगठ्याला बांधली आणि पाय हलवायला लागलो. वाटलं, यात काय अवघड? पहिल्या दहा मिनिटांत पोटरी दुखली. मग पाय बदलला. मग मुंग्या आल्या, या वेळी आतून! डोळा लागला की झोळी थांबायची, झोळी थांबली की सुजाता कुरकुरायची आणि स्वामी अंधारातून हळूच म्हणायचे, "कांबळे, थांबलं बघा."

"तुम्ही हलवा की थोडं."

"अध्यक्ष असताना खजिनदारानं कसं हलवावं?"

एकदा कमल झोपेत चुळबुळली. मी बघितलं तर तिचा उजवा पाय आपला आपण हलत होता. वर, खाली. वर, खाली. मी माझा पाय जरा जोरात हलवला. थोड्या वेळानं तिचा पाय थांबला.

पहाटे रज्जाकभाईंनी सगळ्यांना टँकरवर घेतलं. गल्लीत पोचलो तर घागरी घेऊन बायका दारात उभ्याच होत्या. पाण्याचं कोणी विचारलं नाही. सगळ्यांनी आधी एकच विचारलं, "लेकरू झोपलं का?" झोपलं होतं. लेकराची आईसुद्धा केबिनमध्ये खिडकीला डोकं लावून झोपली होती. तिला उठवू नये म्हणून बायकांनी घागरी न वाजवता पाणी भरलं.

सोमवारी माझा अंगठा वांग्यासारखा जांभळा झाला होता. चप्पल पायात शिरेना. लंगडत कार्यालयात गेलो तर साहेब दारातच भेटले.

"काय हो कांबळे, पायाला काय झालं?"

"सर, रात्रभर लेकराची झोळी हलवली. दोरी अंगठ्याला बांधून."

साहेबांनी चष्मा वर केला. "आमच्या घरी चार मुलं तशीच वाढली. बायकोचा अंगठा कधी सुजलेला पाहिला नाही मी. किती दिवस हलवलीत?"

"एकच रात्र, सर," मी म्हणालो. "मी या कामाला नवीन आहे."