सामंतबाईंचा उजवा कान

"एकच सूर ऐकू येतोय की दोन?" मी विचारलं.

"दोन," सामंतबाई म्हणाल्या. "उजवीकडचा चढा आहे."

मशीनमधून मी दोन्ही कानांत एकच सूर सोडला होता. पुन्हा सोडला. बाईंचं उत्तर तेच. मग त्या माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. इतकी वर्षं गाणं शिकणाऱ्या मुलींचे चेहरे वाचलेली बाई, मी काय लपवणार?

मी ऑडिऑलॉजिस्ट. म्हणजे कान तपासायचे आणि गरज असेल तर श्रवणयंत्र बसवायचं. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. मीरा रोडला माझं क्लिनिक नवीन होतं आणि डिजिटल यंत्रंही नवीनच. पेशंट बहुतेक घरच्यांनी ओढून आणलेले आजोबा. टीव्ही मोठ्याने लावतात, ही तक्रार ठरलेली. बाई मात्र आपणहून आल्या होत्या. काशीमीऱ्याला राहत्या घरी त्या शास्त्रीय गाणं शिकवायच्या. त्या वर्षी परीक्षेला बसलेल्या त्यांच्या सगळ्या मुलींना परीक्षकांनी एकच शेरा दिला होता : वरच्या सप्तकात सूर उतरतो.

"एकीचा उतरला तर ती कच्ची," बाई म्हणाल्या होत्या. "सगळ्यांचा सारखाच उतरतो म्हणजे शिकवणारीचं काहीतरी चुकतंय. कानात मळबिळ आहे का बघा."

मळ नव्हता. कानाच्या आत पेटीसारख्या पट्ट्या असतात असं समजा. बाईंच्या उजव्या कानातल्या वरच्या पट्ट्या खराब झाल्या होत्या. त्या नुसत्या मंद वाजत नव्हत्या, बेसूर वाजत होत्या. डाव्या कानातल्या तर इतक्या क्षीण की एरवी उजव्याचाच सूर खरा वाटायचा. खालचा तानपुरा त्यांना बरोबर ऐकू यायचा. मुलगी वरचा सा अचूक लावायची आणि बाईंना तो चढा वाटायचा. मग त्या म्हणायच्या, "उतर."

बाईंबरोबर त्यांची सगळ्यात तयारीची विद्यार्थिनी आली होती, अश्विनी. तिने घाईघाईने विचारलं, "मॅडम, मशीन लावलं की ठीक होणार ना?"

"मशीन आवाज मोठा करतं," मी म्हटलं. "पट्टी बेसूर असेल तर ती मोठ्याने बेसूर वाजते."

बाई अश्विनीकडे वळल्या. "तुला कळत होतं?"

तिने मान खाली घातली. "हो बाई."

"सगळ्याजणींना?"

"हो."

"मग बोलला का नाहीत गं?"

"तुम्ही उतर म्हणालात की उतरायचं, बाई. तुम्हाला उलट कसं बोलणार?"

"गाढवं आहात सगळ्या," बाई म्हणाल्या आणि रडू लागल्या. मला त्या दोघींकडे बघवेना.

तरी मी एक उपाय सुचवला. अश्विनीच्या घरी कॉम्प्युटर होता. गाणाऱ्याचा सूर पडद्यावर रेघेसारखा दाखवणारं सॉफ्टवेअर तेव्हा मिळू लागलं होतं. ठरलेल्या रेघेवर आवाजाची रेघ बसली की सूर बरोबर. कानाचं काम डोळ्यांनी करायचं. बाई तयार झाल्या. कॉम्प्युटर त्यांच्या घरी आला.

बोलणं नीट ऐकू यावं म्हणून बाईंना मी श्रवणयंत्रही बसवलं होतं. त्याची सेटिंग बघायला मी एका रविवारी क्लासला गेले. हायवेवरच्या ट्रकमुळे खिडक्या घट्ट लावलेल्या. अश्विनीने वरचा सा लावला. माझ्यासारख्या अडाणी माणसाच्याही अंगावर काटा आला. रेघ रेघेवर बसली होती. बाईंनी पडद्याकडे बघितलं आणि भातात खडा लागावा तसा चेहरा करून म्हणाल्या, "वा!"

मुली गेल्यावर त्यांनी स्वतः कॉम्प्युटर बंद केला.

"मॅडम, तुमची रेघ खरी आहे. पोरगीही खरी गाते. खोटी फक्त माझी दाद आहे."

"पण मुली तर बरोबर गातायत ना?"

"आज सूर रेघेवर आहे म्हणून वा. उद्या त्यात जीव नसला तर? रेघेला ते दिसत नाही आणि मला ऐकू येत नाही. मग मी त्यांना शिकवते काय?"

त्याच महिन्यात त्यांनी क्लास बंद केला. अश्विनीला घेऊन स्वतः ठाण्याला एका गायिकेकडे गेल्या, तिचा हात त्या गायिकेच्या हातात दिला. तिथे अश्विनीचं गाणं ऐकायला मात्र थांबल्या नाहीत. यंत्र त्या अजून वापरतात, फोनवर बोलायला.

हल्ली माझ्याकडे गाणारा पेशंट आला की बाहेर बसलेल्या शिष्याला मी आधी एकट्याला आत बोलावते आणि दार लावून घेते. गुरूचा कान कुठे चुकतो ते गुरूला सांगायची त्याची प्राज्ञा नसते. मला सांगायला त्याचं काही जात नाही.