पिवळी फीत

आमच्या या मित्राला सगळे प्रोफेसर म्हणायचे, पण तो काही प्रोफेसर नव्हता. कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई होता. अठ्ठावीस वर्षं त्यानं सूक्ष्मदर्शकाच्या काचा पुसल्या, वाळवलेली रोपं कागदावर चिकटवली आणि सर शिकवत असताना दाराशी उभं राहून सगळं ऐकलं. परीक्षा जवळ आली की मुलं सरांना सोडून यालाच गाठायची. नाव चेष्टेनं पडलं आणि कायमचं चिकटलं.

माझं शिंप्याचं दुकान त्याच्या घराखालीच. निवृत्त झाल्यावर दर रविवारी सकाळी तो सात-आठ जणांना घेऊन इमारतींमागच्या कालव्याच्या पायवाटेनं फिरायला निघायचा आणि मलाही ओढून न्यायचा. ओढूनच म्हणतो, कारण मला गवतातलं ओ की ठो कळत नाही. दोन किलोमीटर जायला आम्हाला अडीच तास लागायचे. दर चार पावलांवर हा उकिडवा बसणार. "ही घोळ. ही एकदांडी, देठ बघा, एकच. हा केना, दुपारी याल तर मिटलेला दिसेल." एकदा बँकेतल्या बाईंनी नाक मुरडलं, "अहो, हे तर नुसतं तण!" झालं! याचा पारा चढला. "तण हे नाव नाही, बाई. आधी नाव विचारा, मग उपटा." बिचाऱ्या बाई पुढचे दोन रविवार फिरकल्याच नाहीत. मी म्हटलं, "अरे, गवतासाठी माणसं तोडतोस?" तो उठून पुढच्या रोपाकडे गेला. त्याला ते का लागतं हे मला चांगलं ठाऊक होतं, तरी मी बोललो. माझी जीभ अशीच आहे.

त्याला एक मुलगी होती. चिंगी म्हणायचे तिला. दहा वर्षांची पोर, पण बापाचंच वेड. वहीत फुलं चिकटवायची आणि खाली लिहायची: नाव, कुठे सापडलं, कुणाला सापडलं. एका संध्याकाळी हा कामावरून दमून आला, तर ही मुठीत एक निळसर फूल घेऊन दारात उभी. "बाबा, हे कोणतं?" त्यानं चपला काढता काढता म्हटलं, "तण आहे गं, टाकून दे." तिनं टाकलं. पण त्याआधी पेन्सिलीनं वहीत त्याचं चित्र काढलं. केसाळ पान, चार पाकळ्या, त्यातली एक दुमडलेली. नावाची जागा रिकामी. पुढच्याच आठवड्यात तिला ताप भरला आणि तीन दिवसांत पोर गेली.

तेव्हापासून तो ते फूल शोधत होता. अकरा वर्षं! रविवारची मंडळी, ती अडीच तासांची फेरी, सगळं त्या एका रिकाम्या जागेसाठी. हे माझ्याशिवाय आणि वहिनींशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

दोन वर्षांपूर्वीच्या एका रविवारी तो पुलाच्या कठड्यापाशी बसला तो उठेचना. मला वाटलं, गुडघा धरला. जवळ गेलो तर यानं पिशवीतून वही काढलेली आणि चित्राचं पान रोपाशेजारी धरलेलं. वीतभर रोप होतं, केसाळ पानांचं, टोकाला एक मिटलेली कळी. "पान तेच आहे रे," तो म्हणाला. "पण नुसत्या पानावरून सांगता येत नाही. फूल उमललं की नाव कळेल. चार-पाच दिवस." मग म्हणाला, "कुणाचा पाय पडायला नको, खूण बांधतो. तुझ्याकडे पिवळी फीत आहे ना? प्रयोगशाळेत जपायच्या रोपाला आम्ही पिवळीच बांधायचो."

आम्ही दुकानात आलो. पिवळ्या फितीचं रीळ अगदी वरच्या फळीवर होतं, त्यासाठी स्टूल ओढायला हवं होतं. लाल फीत मशीनवर हाताशीच पडली होती. मी वीतभर कापून त्याच्या हातावर ठेवली. "लाल घे, लांबून उठून दिसेल."

"पिवळी मिळाली असती तर..."

"का, लाल चावते का तुला?"

तो हसला आणि घेऊन गेला.

गुरुवारी सकाळी दोघं गेलो तर पायवाट दाढी केल्यासारखी साफ. सफाईवाल्यांची टोळी आली होती. पुलापाशी रोपाच्या जागी फक्त खड्डा. मुकादम बाई शांतपणे म्हणाल्या, "आमच्यात असंच असतं, काका. काटेरी, खाजरं काही असलं की आमचा माणूस आदल्या दिवशी त्याला लाल चिंधी बांधतो. ते आम्ही मुळासकट काढतो. बाकीचं नुसतं वरून छाटतो, ते परत फुटतं."

"काढलेलं कुठे आहे?"

"गाडी गेली की मघाशीच."

त्यानं विचारलं, "कळी उमलली होती का हो?"

"आता ते कोण बघतं, काका?"

त्यानं खड्ड्यातल्या मातीत बोट घातलं आणि उठला. घरापर्यंत मी वाट बघत होतो, हा आता बोलेल, मला शिव्या घालेल, निदान पिवळ्या फितीचं नाव काढेल. एक शब्द नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढे दोन वर्षं तो त्या जागी तांब्याभर पाणी घालत राहिला, एखादं बी राहिलं असेल म्हणून. काही उगवलं नाही. गेल्या महिन्यात तोही गेला, दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या.

परवा वहिनी दुकानात आल्या आणि ती वही मशीनवर ठेवली. "भावोजी, मला ही उघडवत नाही. तुमच्याकडे ठेवा." त्या गेल्यावर मी ते पान काढलं. चित्राखाली त्यानं टपोऱ्या अक्षरात नव्यानं नोंद केली होती. नाव: माहीत नाही. कुठे सापडलं: पुलाजवळ. कुणाला सापडलं: चिंगीला. आणि त्याखाली बारीक अक्षरात: लाल फीत मी निवडली. चूक माझी.

खोटारडा! अख्ख्या आयुष्यात एकदाच खोटं बोलला आणि तेही माझ्यासाठी, जी वही फक्त त्याची बायको उघडणार होती तिच्यात. मी मशीनवर डोकं टेकून रडलो. गिऱ्हाईक दारात येऊन परत गेलं.

मग खडूच्या डब्यातलं पेन काढलं. त्याची ओळ खोडली नाही. तिच्याखाली लिहिलं: त्यानं पिवळी मागितली होती. शिंप्यानं दिली नाही. आणि जिना चढून वर गेलो, वही वहिनींच्या हातात दिली आणि म्हटलं, "एवढं एक पान वाचा."