दाजींच्या तोंडची संमती

बारामतीच्या एका दवाखान्यात माणसांवर नवी औषधं तपासायची असली की आधी एक कमिटी बसते. कुणावर तपासायचं, कुणावर नाही, कुठं थांबायचं, हे ती ठरवते. तिच्यात डॉक्टर असतात, वकील असतो, आणि कायद्यानं एक असा माणूस लागतो ज्याला औषधातलंही काही कळत नाही आणि कायद्यातलंही. बारामती-इंदापूर दोन्ही तालुके धरून माझ्याइतका लायक माणूस दुसरा सापडला नसता. छातीत कळ आली म्हणून मी तिथं चार दिवस पडून होतो, तेवढ्यात अख्खा वॉर्ड हसवून दहा-बारा जणांचे टाके उसवले. खरं म्हणजे एकाचाच उसवला, तोही खोकून. पण मोठ्या डॉक्टरांना मी आवडलो.

दोन वर्षं मी तिथं बिस्किटं खाल्ली आणि मान हलवली. मग लकव्यावरच्या नव्या इंजेक्शनचा कागद आला. झटका आल्यापासून महिन्याच्या आत द्यायचं. लागू पडलं तर वाचा आणि हातपाय परत येतील, उलटलं तर मेंदूत रक्त सुटून माणूस जागेवर जाईल. ज्याला बोलता येत नाही त्याच्या वतीनं घरच्यांनी सही केली तर चालेल का, एवढाच प्रश्न होता. सगळे चालेल म्हणत होते. त्या दिवशी चहाला उशीर झाला होता, म्हणून मी तोंड उघडलं.

म्हटलं, "साहेब, आमच्याकडं पेशंटला इचारतंय कोण? कोऱ्हाळ्याकडं एका म्हाताऱ्याचा चार पोरांनी झोपेत अंगठा घेतला आन् मोतीबिंदूच्या शिबिरात त्याच्या चांगल्या डोळ्याचं वाटोळं करून आणलं. का, तर जमिनीची वाटणी दिसू नये."

असा म्हातारा कुठंही नव्हता. तो मी वाक्य बोलता बोलता जन्माला घातला. पण वकीलबाईंनी चष्मा काढून डोळे टिपले, आणि तिथल्या तिथं नियम झाला: आपल्याला काय करणार आहेत हे पेशंटला कळलं पाहिजे आणि त्यानं स्वतः होकार दिला पाहिजे. घरच्यांची सही चालणार नाही. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत, पण मला ऐकू आल्या.

वीस दिवसांनी वालचंदनगरला माझे दाजी न्हाणीत पडले.

दाजी कंपनीत लेथवरचे टर्नर. माझ्या थोरल्या बहिणीचे मालक, कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहायचे, आणि मला बोलण्यात हरवणारा जगातला एकमेव माणूस. मी उसातल्या बिबट्याला काठीनं पळवलं म्हणालो, की दाजी त्याच बिबट्याला सकाळी चहा पाजून आलेले असायचे. आता लकव्यानं उजवं अंग गेलं, आणि त्या सगळ्या बोलण्यातून एकच शब्द उरला. व्हय.

आक्का म्हणाली, "तू कमिटीत हायस न्हवं? मग ह्यांना घाल त्यात. जीव गेला तर जाऊंदे. पण ह्यांना असं न्हाय ठेवायचं."

"त्यांनी सोता सांगाय पायजे, आक्का."

"सांगत्यात की. अवो, इंजेक्शन घ्यायचं न्हवं?"

"व्हय," दाजी म्हणाले.

"बघ."

मला गप्प बसता येत नाही. मी खाटेजवळ सरकलो. "दाजी, तुमची मोटारसायकल मला द्यायची का?" व्हय. "आक्काला सोडचिठ्ठी देऊन बावड्याची दुसरी बायको करायची?" व्हय. "तुमाला उचलून नीरेत टाकू?" व्हय. मी पोट धरून हसलो. दाजीही डाव्या बाजूनं हसले, निदान तसं दिसलं. आक्कानं हातातली वाटी माझ्या कपाळावर हाणली. खूण अजून आहे.

"कुणी केला ह्यो नियम?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. म्हाताऱ्याचंही सांगितलं. तिनं खाली पडलेली वाटी उचलली. मग म्हणाली, "जा, आन् त्यांना सांग की तू लबाड हायस."

गेलो. जन्मात पहिल्यांदा चार शहाण्यांत उभं राहून खरं बोललो. तो म्हातारा नाही, ती पोरं नाहीत, तो डोळाही नाही. मोठ्या डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, "पेशंट तुमचे कोण?" मेहुणे म्हटल्यावर त्यांनी मला बाहेर बसवलं. तासाभरानं वकीलबाई आल्या आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बहिणीसाठी माणूस काहीही बोलतो, समजू शकते मी. पण त्या म्हाताऱ्याला मी विसरू शकत नाही."

एवढी मेहेरबानी मात्र झाली, की दाजींना घेऊन या, आम्ही विचारून बघतो.

दुसऱ्या दिवशी दाजींना चाकाच्या खुर्चीतून आत नेलं. आम्ही दोघं दाराशी. डॉक्टरांनी इतक्या मायेनं समजावलं, की इंजेक्शन मलाच घ्यावंसं वाटलं.

"यात जीव जाऊ शकतो. कळलं का?"

"व्हय."

"तरी घ्यायचं?"

"व्हय."

आक्कानं माझं मनगट आवळलं. डॉक्टरांनी तोच प्रश्न उलटा केला. "आणि नाही दिलं तर चालेल?"

"व्हय."

डॉक्टरांनी फाईल मिटली. माझ्या खोट्या म्हाताऱ्यावर उभा केलेला नियम खरा निघाला होता. त्या खोलीत त्याला कुणीच चूक म्हणू शकत नव्हतं, मीसुद्धा नाही. आणि तो बरोबर असल्यानं दाजींचं काडीचंही भलं होणार नव्हतं.

घरी आल्यावर आक्कानं मला ताट वाढलं. वाढलं म्हणजे आपटलं. मी दाजींच्या खाटेवर टेकून दुसरी भाकरी मोडत होतो, तेव्हा ती त्यांच्यासमोर उभी राहिली आणि डॉक्टरांच्याच संथ सुरात म्हणाली,

"ह्याला घराभाईर काढायचा. परत उंबऱ्यात घ्यायचा न्हाय. चालंल का?"

"व्हय."

"ऐकलंस? घे, सोताच्या तोंडानं सांगितलं."

मी हसलो. टोमणा चांगला होता, धडधाकट दाजींना शोभेल असा. ती हसली नाही. तिनं माझ्या पुढ्यातलं ताट उचललं आणि चपला दाराबाहेर फेकल्या. मी उठायला गेलो तर उठता येईना. दाजींच्या डाव्या हाताची मूठ माझ्या सदऱ्यात घट्ट रुतली होती. तोंडानं व्हय, व्हय चालूच होतं.

आक्कानं ती बोटं एकेक करून सोडवली.