तीन शिट्ट्यांचं गाणं

दर रविवारी दुपारी चार वाजता आमच्या घराच्या बाहेरच्या खोलीत जगभरातल्या रॉक बँडांचा निकाल लागत असे. त्या बिचाऱ्यांना याचा पत्ता नव्हता. कुठंतरी परदेशात कुणी केस वाढवून, घसा फोडून गात असेल, आणि इकडे नाशकात गंगापूर रोडवर निळ्या-लाल सतरंजीवर बसलेली पाच पोरं त्याला पास किंवा नापास करत असतील, हे त्याच्या स्वप्नातही आलं नसेल.

ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. गंगापूर रोडला तेव्हा आजच्यासारखी दुकानांची रांग नव्हती. आमच्या घरासमोर दोन बंगले, त्यापलीकडे पेरूची बाग आणि बागेत बांधलेली एक म्हैस. आवाज कितीही मोठा केला तरी तक्रार करणारी ती एकटीच, आणि तिनं कधी केली नाही.

हे मंडळ माझ्या दादाचं. मंडळाची एक वही होती आणि तिच्यात नियम लिहिलेले होते. शिफारस अशाच बँडची करायची, जो सतरंजीवरच्या कुणीही ऐकलेला नाही. कुणी ऐकलेला निघाला, तर शिफारस करणाऱ्यानं सगळ्यांना मिसळ खाऊ घालायची. ज्या बँडचं नाव एखाद्याच्या शर्टावर छापलेलं दिसेल, तो बँड त्या दिवसापासून बाद. गाणं चालू असताना बोलायचं नाही. पाय हलवला तर चालेल, पण एकच.

निकाल देणारा तो अध्यक्ष, दादाचा मित्र. वय बावीस, दाढीचे केस साधारण अकरा, बी.एस्सी.ला दोनदा नापास, तेही परीक्षकांच्या अज्ञानामुळे. गाणं संपलं की तो डोळे मिटून बराच वेळ बसायचा. मग एक शब्द. ‘ठीक’ म्हणाला की बँड मेला. ‘उपेक्षित’ म्हणाला की बँड अमर झाला. उपेक्षित हा आमच्याकडचा सर्वोच्च किताब. एखाद्या बँडला ओळखणारी माणसं जितकी कमी, तितका त्याचा मान मोठा. ज्याची तबकडी त्या बँडच्या आईनंसुद्धा विकत घेतलेली नाही असा एखादा बँड मिळाला असता, तर अध्यक्षांनी त्याच्या नावानं उपास धरला असता.

दादा आणि अध्यक्ष सोडून आणखी दोघं होते. त्यांचं काम मान डोलावणं. आणि पाचवा सायखेड्याचा. शेतकऱ्याचा मुलगा, कॉलेजसाठी नाशकात खोली घेऊन एकटा राहायचा. तो कमी बोलायचा आणि बोलला की बाकीचे हसायचे, कारण तो ‘खूप’ला ‘लय’ म्हणायचा. जणू परदेशी गायक तुपातली पुणेरी मराठी बोलत होते.

आणि मी. अकरावीतली धाकटी बहीण. माझं काम चहाचा ट्रे आणायचा, सतरंजीच्या काठावर ठेवायचा आणि जायचं. मी एकदा बसू का म्हणून विचारलं, तर दादा म्हणाला, “शेंबडे, इथं चर्चा टेक्निकल असते.”

टेक्निकल! दादाला ट्यूबलाइटचा स्टार्टर बदलता येत नव्हता.

मला त्या सतरंजीवर बसायचं होतं. चंद्रावर जायचं नव्हतं, कलेक्टर व्हायचं नव्हतं. साडेतीन फूट बाय दीड फूट जागा हवी होती, आणि माझी शिफारस त्या वहीत लिहिली जायला हवी होती. त्यासाठी मी काय वाटेल ते करायला तयार होते, आणि पुढं केलंही.

आमचा रेडिओ स्वयंपाकघरात होता, कारण आईला सकाळी बातम्या आणि भक्तिगीतं लागायची. संध्याकाळी मी शॉर्टवेव्हची खुंटी फिरवत बसायची. एका संध्याकाळी खरखरीतून एक गाणं वर आलं. संथ, उदास, मध्येच एकदम थांबणारं. वाटायचं संपलं, आणि मग पुन्हा गिटार. निवेदकानं बँडचं नाव सांगितलं ते इतकं लांबलचक होतं की मला त्याचं अर्धंच लिहून घेता आलं. तेच गाणं दुसऱ्या दिवशी याच वेळेला पुन्हा लावणार, असं तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी जय्यत तयार. बाबांची सत्यनारायणाच्या कथेची कॅसेट घेतली, तिच्या मागच्या भोकांवर चिकटपट्टी लावली, टेपरेकॉर्डर रेडिओच्या तोंडाशी ठेवला. देवाची मनात क्षमा मागितली आणि दोन्ही बटणांवर बोटं ठेवून गाण्याची वाट पाहू लागले.

तेवढ्यात आई शेजारी हळदीकुंकवाला निघाली. दारातून म्हणाली, “कुकर लावलाय. तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर.”

आमच्या कुकरबद्दल सांगायला हवं. तो आईच्या लग्नातला. त्याची शिट्टी झिजलेली होती. ती आधी खोकायची, ‘खर्र्र’ असं, म्हाताऱ्या हवालदारासारखं. मग दम घ्यायची. आणि मग खालून वर चढत जाणारी अशी किंकाळी मारायची की शेजारच्या भिंतीवरची पाल पडावी.

गाणं सुरू झालं तशी मी बटणं दाबली. ते पहिल्यांदा थांबलं. आणि त्या शांततेत, अगदी मोजून मापून, खर्र्र... दम... किंकाळी. माझा जीव गेला. पण टेप बंद करून चालणार नव्हतं. गाणं पुन्हा कधी लागणार? दुसरी शिट्टी गिटारच्या ऐन भरात आली. तिसरी, देवाशप्पथ, गाणं संपताना जो शेवटचा स्वर विरतो त्याच्या पाठीला पाठ लावून आली. मी गॅस बंद केला, टेप बंद केला आणि कपाळाला हात लावला.

रविवारी शिफारशीची पाळी दादाची होती आणि त्याच्याकडे काहीच नव्हतं. आधीच्या खेपेचा त्याचा बँड अध्यक्षांच्या न्हाव्यालासुद्धा माहीत निघाला होता. मी त्याला कॅसेट दाखवली आणि अट घातली, शिफारस माझ्या नावावर आणि जागा सतरंजीवर.

“त्यात काही भिकार असेल तर?” दादा म्हणाला.

“तर मी महिनाभर तुझे शर्ट इस्त्री करीन.”

“ते तर तू आत्ताही करतेस.”

“तर चांगले करीन.”

कॅसेट लागली. पहिली शिट्टी आली तेव्हा मी ट्रे घट्ट धरून डोळे मिटले. त्या स्वस्त मायक्रोफोनमुळे आणि स्पीकरमुळे ती फुगून राक्षसी झाली होती. दुसरी आली. तिसरी आली. गाणं संपलं. अध्यक्ष नेहमीपेक्षा दुप्पट वेळ डोळे मिटून बसले.

“उपेक्षित,” ते म्हणाले.  “तो भोंगा ऐकलात? कारखान्याचा भोंगा. माणूस गातोय आणि यंत्र त्याला गाऊ देत नाहीये.”

“मला वाटतं इंजिन आहे,” दादा म्हणाला. “पण परदेशी.”

ज्या भाताची ती शिट्टी होती तो भात दादानं त्याच रात्री तीनदा वाढून घेतला होता. वीस वर्षं तो त्या कुकरपासून बारा फुटांवर झोपत होता. पण स्वयंपाकघर हा त्याच्यासाठी वेगळा देश होता, तिथून फक्त आयात चालायची.

मान डोलावणाऱ्यांनी मान डोलावली. मग सायखेड्याचा हळूच म्हणाला, “मला तर ही कुकरची शिट्टी वाटती.”

असा हशा पिकला की विचारू नका. अध्यक्ष तर आडवेच झाले.

“अरे, तिकडे रेकॉर्डिंग करताना काय वरण-भात लावतात का?”

“माझ्या खोलीवर मीच लावतो ना रोज,” तो म्हणाला. “आवाज मला ठाऊक हाय. ह्यो जुना कुकर हाय, शिट्टी झिजलेली.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सांग म्हणाले, कुकर आहे का हा? आणि मी, त्या सत्यनारायणाच्या कॅसेटसमोर, म्हणाले, “छे! काहीतरीच.”

लगेच सतरंजीवर जागा झाली. सायखेड्याच्या त्या मुलाशेजारीच. वहीत माझी शिफारस लिहिली गेली, आणि त्याला त्या दिवसापासून नाव पडलं ‘कुकर’. “ए कुकर, सरक.” “कुकर, तुझी शिट्टी बंद कर.” तो हसायचा, सरकायचा. मी त्याच्या शेजारी मांडी घालून बसायची आणि ती मांडी मला टोचायची.

आमची प्रत तोवर गावभर पसरली. एकीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी. सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत कामाला असलेला एकजण म्हणे तिसऱ्या शिट्टीला दर वेळी रडायचा. अध्यक्षांनी शिट्टीवर चार पानं लिहून काढली. मी ती वाचली. त्यांत भात सोडून सगळं होतं.

चार महिन्यांनी एका बुधवारी संध्याकाळी अध्यक्ष धापा टाकत आले. त्यांचा मावसभाऊ जहाजावर नोकरीला होता. तो सुट्टीवर आला होता आणि येताना त्या बँडची खरी, नवी कोरी तबकडी घेऊन आला होता. सकाळी तो ती घेऊन मुंबईला परत जाणार. तबकड्या वाजवायचं यंत्र फक्त आमच्या घरी, बाबांच्या नाट्यगीतांसाठी. म्हणून मंडळाची तातडीची बैठक, आत्ता, इथंच.

मी घड्याळ पाहिलं. कुकरची वेळ!

स्वयंपाकघरात धावले. आई डाळ-तांदूळ धूत होती. “एवढी पोरं आलीत, खिचडीच टाकते.”

“पोहे कर ना, आई!”

“संपलेत.”

“उपमा?”

“तुला काय झालंय? खिचडी म्हटलं की आनंदानं उड्या मारतेस एरवी.”

ती पाठमोरी झाली आणि मी झाकणाशेजारची शिट्टी उचलून मुठीत लपवली. शिट्टी नाही तर किंकाळी नाही. भलतीच हुशार होते मी. बाहेर जाऊन माझ्या जागेवर बसले, मूठ ओढणीखाली.

तबकडी फिरू लागली. काय स्वच्छ आवाज! खरखर नाही, काही नाही. गाणं पहिल्यांदा थांबलं, तसे सगळ्यांचे चेहरे वर गेले. शांतता. आणि गिटार सुरू. मान डोलावणाऱ्यांच्या माना अर्ध्यातच अडकल्या. गिटारच्या भरात दुसरी जागा आली आणि गेली. अध्यक्षांनी नियम मोडून तोंड उघडलं.

“प्रत खराब आहे.”

“नवी कोरी आहे!” मावसभाऊ उखडला.

“मग शिट्टी कुठंय?”

दारात आई उभी. एका हातात झाकण, दुसऱ्या हातात फडकं. “तेच विचारायला आलेय मी. शिट्टी कुठंय?”

दादा म्हणाला, “आई, असेल कुठंतरी पडलेली. इथं जरा महत्त्वाचं चाललंय.”

कुणालाही काही कळलं नव्हतं. खरंच! मी उठून ‘शोधते हं’ म्हणाले असते, शिट्टी ओट्याखालून काढून दिल्यासारखं केलं असतं, तर आजतागायत माझा बँड अमर राहिला असता. पण सायखेड्याचा आईकडे बघत नव्हता. तो माझ्या ओढणीकडे, मुठीकडे बघत होता. त्याला कळलं होतं. आणि तरी तो एक अक्षर बोलला नाही. खाली बघून सतरंजीचा दोरा ओढत बसला.

मी मूठ उघडली आणि शिट्टी त्याच्या हातात ठेवली.

“तुझं बरोबर होतं. पहिल्या दिवसापासून.”

त्यानं ती उलटीपालटी करून पाहिली. “झिजलीय,” तो म्हणाला. “बोललो व्हतो.”

अध्यक्ष पांढरे पडले. मग ताठ झाले. “पुरावा हवा.”

म्हणून आईनं कुकर लावला आणि अख्खं मंडळ, जहाजावरच्या मावसभावासकट, स्वयंपाकघराच्या दारात उभं राहिलं. दादानं इकडंतिकडं पाहत विचारलं, “हा ओटा नवीन केला का?”

खर्र्र... दम... किंकाळी.

  अध्यक्षांच्या डोळ्यांसमोर त्यांची चार पानं उकळत होती.

“हिला काढा मंडळातून,” ते म्हणाले. “खोटी शिफारस! नियम म्हणजे नियम.”

“काढा की,” सायखेड्याचा म्हणाला. “पण मग जे जे त्याला भोंगा म्हणले, इंजिन म्हणले, ते बी उठा. सतरंजीवर मी एकटाच बसतो. लय ऐसपैस होईल.”

दुसरी शिट्टी झाली. तेवढ्या वेळात अध्यक्षांनी मनातल्या मनात हिशेब केला असावा. ते खाकरले, अगदी आमच्या कुकरसारखे.

“मूळ गाणं मात्र,” ते म्हणाले, “ठीक आहे.”

बँड मेला. तबकडी बगलेत मारून मावसभाऊ रागानं बाहेर जाऊन बसला.

“आणि आपल्या प्रतीतलं वाद्य...” अध्यक्षांनी डोळे मिटले. सगळे वाट बघत होते. कुकरही थबकल्यासारखा वाटला. “उपेक्षित.”

“कोण?” आईनं विचारलं.

“तुमचा कुकर, काकू.”

तिसरी शिट्टी झाली. आईनं गॅसकडे हात नेला.

“काकू, अजून एक होऊ द्या ना,” सायखेड्याचा म्हणाला.

“खाली लागेल खिचडी,” ती म्हणाली आणि तिनं गॅस बंद केला. “बावीस वर्षं वाजतोय. आज ऐकू आला होय रे तुम्हाला? जा, पानं घ्या.”

पानं घ्यायची म्हणजे काय, हे फक्त सायखेड्याच्यालाच ठाऊक होतं. तो ताटं काढायला लागला. मी बाहेर गेले आणि सतरंजीवर, माझ्या साडेतीन बाय दीड फुटांवर, मांडी घालून बसले. चहाचा ट्रे त्या दिवशी दादानं आणला. त्यात सहा कप होते आणि साखर एकातही नव्हती.