दादाने परत केलेलं माझं वेल्डिंग

माझ्या सख्ख्या भावाने मला फसवलं.

आज दादाचं वर्षश्राद्ध. काहीतरी चांगलं लिही हो, असं वहिनीने सकाळीच फोन करून सांगितलंय. तरी सुरुवात हीच.

दादा जन्मभर बोटीवर, इंजिनरूममध्ये फिटर. कायमचा घरी आला तो वेल्डिंग मशीन घेऊनच. समुद्राकाठच्या मिऱ्या गावातल्या घराच्या मागच्या पडवीत त्याने वर्कशॉप थाटलं. धंदा म्हणून नाही, निव्वळ हौस.

खाऱ्या हवेत लोखंड टिकतंय कुठे? कोणाचं गेट, कोणाची खिडकीची जाळी, कोणाचा विहिरीवरचा रहाट. काम शोधायला लागायचं नाही.

मी शाळेतून रिटायर झाले आणि आंबे काढायच्या झेल्याची तुटलेली रिंग घेऊन एकदा त्याच्याकडे गेले. तिथलीच झाले. दर रविवारी मिऱ्या.

मलाही वेल्डिंग शिकायचंय म्हटल्यावर सगळ्यांनी चेष्टा केली. नवरा म्हणाला, या वयात भुवया जाळून घेऊ नकोस. शेजारणी म्हणाल्या, त्यापेक्षा भजनाला ये.

एकट्या दादाने स्वतःचे हातमोजे आणि डोळ्यांवर धरायची काच माझ्यापुढे ठेवली.

तेवढ्यावर मी त्याला देव मानलं.

मी जोड मारायचे, तो शेजारी स्टुलावर बसून बघायचा. वरची काळी खपली हातोडीने उडवली की वाकून निरखायचा आणि म्हणायचा,
"झकास झालाय गो."

कधी "पुन्हा मार" नाही. कधी "हे चुकलं" नाही.

काम इथेच ठेवून जा, रंग मी मारतो, असं म्हणायचा. पुढच्या रविवारी वस्तू रंगवून तयार. मी फोटो काढून इथेच टाकायचे, तुम्ही लाइक करायचात. लांज्याच्या मावशीचं गेट, तुळशीभोवतीची जाळी, सगळं आहे. खाली स्क्रोल करा.

दादाच्या तेराव्याला जेवणं उरकली आणि वहिनी माझ्याजवळ येऊन बसली. माझा हात हातात घेतला.

"अगो, तुझ्यावर केवढा जीव त्यांचा. तू गेलीस की तुझा जोड ग्राइंडरने उडवायचे नि परत मारीत बसायचे. तिला कळता कामा नये, म्हणायचे."

बिचारीने हे कौतुकाने सांगितलं.

मी हसलेसुद्धा. मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडले.

म्हणजे मावशीचं गेट माझं नव्हतं. तुळशीची जाळी माझी नव्हती. रंगाखाली सगळीकडे दादाच होता. चेष्टा करणाऱ्यांनी निदान तोंडावर तरी केली होती.

आणि घरी येताना, रिक्षात, मला आमचा झोपाळा आठवला.

दादा आजारी पडल्यावर त्याचं मशीन मी माझ्या घरी आणलं होतं. आमच्या पडवीतल्या झोपाळ्याची एक कडी तुटली होती, ती मी एकटीने जोडली. दादाचा हात न लागलेलं ते माझं पहिलं काम. त्याला बरं वाटत होतं तेव्हा मुद्दाम रिक्षा पाठवून बोलावलं आणि दाखवलं.

त्याने कडीवरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवला.

"झकास झालाय गो."

मी म्हटलं, मग बस की, मुक्ता रोज बसते. तर पाठ दुखते म्हणाला आणि खुर्ची मागितली.

त्या झोपाळ्यावर माझी मुक्ता बसत होती. बाळंतपणाला माहेरी आलेली पोर, दिवसभर तिथेच.

मी रिक्षातून उतरले तेव्हाही ती झोपाळ्यावर होती. पाय टेकवून हळूहळू झोके घेत होती.

तिला हाताला धरून उठवलं. कडी काढली, वाइसच्या जबड्यात आवळली, जोडावर आडवा कट मारला. वरून गुळगुळीत होता. आत धातू एकजीव झालाच नव्हता. नुसती काळी खपली आणि पोकळी. उरलेला भाग हातोडीच्या ठोक्याने सुटून खाली पडला.

मुक्ता म्हणाली, आई, काय झालं?

तेव्हापासून मी एकटीच शिकतेय. जोड मारायचा, कापायचा, आत बघायचं, फेकून द्यायचं. आता कुठे काही जोड धरायला लागलेत. जोडांचं जमेल हो. पण नवरा आमटी छान झालीय म्हणाला तरी मी त्याच्या तोंडाकडे बघत राहते. शाळेत माझं कौतुक झालं होतं ते तरी खरं होतं का, असं मनात येतं. हे तू केलंस, दादा.

आणि मी स्वतःची समजूत घालत होते. आजारपणात नजर कमी झाली असेल, झोपाळ्याचा जोड त्याला नीट दिसलाच नसेल.

परवा न राहवून वहिनीला विचारलं. आमच्याकडे झोपाळा बघून गेला त्या दिवशी दादा घरी येऊन काही बोलला होता का?

तिला आठवलं. आजारपणाने हळवे झालेत असं तिला तेव्हा वाटलं होतं.

"म्हणाले, तिचं परत करायला आता हात उरले नाहीत माझे. आणि रडले गो."

रडलास.

म्हणजे तुला कळलं होतं. जोड कच्चा आहे हे अंगठ्याला कळलं होतं, म्हणून तू बसला नाहीस. आणि मुक्ताला बसू दिलंस. माझं मन मोडू नये म्हणून.

फोन तुझ्या उशाशीच होता, दादा. झोपाळा काढून ठेव, एवढंच म्हणायचं होतंस. मी चिडले असते, चार दिवस बोलले नसते. रविवारी मात्र आलेच असते.

मोठा भाऊ आहेस, म्हणून आज तुझ्या फोटोला नमस्कार केला.

माफ केलेलं नाही.