गिटारीआधीचे दोन शब्द

आमच्या कुवेतच्या मंडळात कुणाला नुसतं गाऊन-वाजवून जाता येत नाही. आधी परिचय, मग सत्कार, आणि वेळ उरलाच तर कला. या थोर परंपरेची सूत्रसंचालक गेली कित्येक वर्षं मीच. कमिटीवाल्यांच्या भाषणांना मी मनसोक्त नावं ठेवते. काय ते पाल्हाळ! माझं मात्र निवेदन असतं हं, भाषण नव्हे.

मीना अल-अहमदी बंदरातल्या रिफायनरीत माझ्या शेजारच्या टेबलावर एक पोलिश इंजिनीअर बसते. तिचे वडील महिनाभर तिच्याकडे आले होते. पोलंडमध्ये ब्लूज-रॉक पहिल्यांदा वाजवणाऱ्या मोजक्या लोकांतले ते एक. तरुणपणी कपाटाचं दार कापून गिटार केली, जुन्या रेडिओचा अॅम्प्लिफायर केला, गाण्यांचा शब्द न् शब्द सरकारी कारकुनाकडून मंजूर करून घेतला. बँड जमला की निम्मे वादक परदेशी पळायचे. हे पुन्हा नव्यांना शिकवायला बसायचे. आता मात्र डाव्या हाताची बोटं आखडत चालली होती. घरी परतल्यावर ऑपरेशन, आणि त्यानंतर वाजवता येईल असं डॉक्टर छातीठोक सांगत नव्हते.

"एकदा लोकांसमोर वाजवू दे त्यांना," ती म्हणाली. "मी व्हिडिओ करून ठेवीन."

"माझ्यावर सोड," मी म्हटलं.

अब्बासियातल्या शाळेचा हॉल पाचपर्यंत आमचा होता. साडेचारला गिटार. आश्चर्य म्हणजे अध्यक्षांनी वेळेत आटोपलं! आजोबा स्टेजवर गिटार घेऊन बसले. एसीत बोटं गारठतात म्हणून हातात गरम चहाचा ग्लास. मी माइक घेतला. "फक्त दोन शब्द."

कपाटाच्या दाराला टाळ्या पडल्या. झालं! मग मी कसली थांबते! कारकुनावर हशा वसूल केला, पळालेल्या वादकांवर आवाज जड केला, मध्ये स्वतःची एक चारोळीही घातली. समोर फोन धरून बसलेल्या त्यांच्या लेकीने दोनदा मनगटावर बोट ठेवून दाखवलं. ते मला दिसलं होतं. पण टाळ्या चालू होत्या ना.

मग शाल आणि नारळ. गिटार सांभाळत नारळ धरायचा कुठे, ते बिचाऱ्यांना सुचेना. तेवढ्यात पाच वाजले. हारिस, म्हणजे तिथला रखवालदार, वक्तशीर माणूस. त्याने मेन स्विच पाडला. आजोबांनी गार चहा खाली ठेवला आणि तशीच, विजेविना गिटार छेडली. खुर्च्या घड्या करण्याच्या खडखडाटात पहिल्या रांगेलाही नीट ऐकू आलं नाही. आणि निघताना त्यांनी वर माझेच आभार मानले. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

ऑपरेशन झालं. एक बोट आता वाकत नाही. व्हिडिओत सगळीकडे मीच आहे; माझ्या खांद्यामागे ते, ग्लास दोन्ही हातांत घट्ट धरून. तरी आजोबा तो पुन्हा पुन्हा लावतात म्हणे, आणि लेकीला विचारतात, ही बाई माझ्याबद्दल एवढं काय सांगत होती?

परवा तिने माझ्याकडे भाषांतर करून मागितलं. कान पकडून लिहायला बसले, व्हिडिओ सुरू केला. त्या 'दोन शब्दां'तलं माझं पहिलंच वाक्य होतं, "रसिकहो, तुमच्या आणि या कलावंताच्या मध्ये मी फार वेळ उभी राहणार नाही."